देवाजीच्या घरचा हात

२४ नोव्हेंबर, रविवार

फिजिक्स प्रॅक्टिकलची वही आता कामाची नाही. लिहिलेली अकरा पानं फाडून चुलीत घातली आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहायला बसलो. कॉलेज सुटलं. मी म्हणतो सोडलं, माय म्हणते हाकललं. दोन्ही खरं आहे. चंद्रपूरच्या हॉस्टेलात एकाने माझ्या मोबाइलमधला करिश्माचा फोटो पाहून जे तोंडातून काढलं ते इथे लिहिणार नाही. मी त्याला खुर्चीने हाणलं. खुर्चीचा एक पाय गेला, त्याचे दोन दात. सर म्हणाले, माफी लिहून दे. मी म्हणालो, आधी त्याने. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून नागभीडच्या गाडीत बसलो.

आज करिश्मा बोरिंगवर भेटली. तिच्यासाठी काय केलं ते सगळं सांगितलं.

"दात पडले त्याचे?" ती म्हणाली.

"दोन."

"अन् माहा फोटो तुह्या मोबाइलमंदी कुठून आला?"

जत्रेत काढला होता, लांबून. तसंच सांगितलं. अर्धी बादली तशीच उचलून ती निघून गेली. लाजली.

२९ नोव्हेंबर

तळ्याच्या पाळीवर, बांधावर, रिंकू भेटला. आमच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाचा मुलगा, शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. सोबत त्याच्या टोळीतली पाच पोरं.

"तुहा सासरा त बिघडला गा," रिंकू म्हणाला.

"कोण सासरा?"

"देवाजी. करिश्माचा बाप. का आता मीच पत्रिका छापू?"

सगळे हसले. मी त्याची कॉलर धरली, मग मीही हसलो. सासरा हा शब्द ऐकायला बरा वाटला.

देवाजीकाका बिघडला म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेला लागला. आधी तो रोज प्यायचा आणि त्याच्या बायकोच्या, कमळाकाकूच्या, किंकाळ्या आमच्या अंगणात यायच्या. दोन वर्षांपासून दारू बंद, किंकाळ्या बंद. तेव्हा त्याला कोणी बिघडला म्हटलं नव्हतं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. दर रविवारी त्याच्या अंगणात, जाळी वाळवायच्या मांडवात, आठ-दहा माणसं बसतात. ऊर्जानगरला कंपनीची बस चालवणारा इस्तारीभाऊ मोटरसायकलने येतो आणि येशूचं सांगतो. तळ्याच्या पूजेच्या बकऱ्याचं मटण काका आता खात नाही. गावाला टोचतं ते हेच. गावाचं तळं, गावाची पूजा, आणि हा एकटा ताटावरून उठतो.

रिंकू म्हणाला, यंदा त्या मांडवात नाताळ होऊ देणार नाही. मी म्हणालो, मला त्यात पाडू नका. कोणी कोणत्याही देवाला हात जोडो, मला पोरीशी मतलब.

१ डिसेंबर, रविवार

इस्तारीभाऊसोबत त्याचा पुतण्या आला होता. चष्मेवाला, ढोलक वाजवतो. प्रार्थना संपल्यावर करिश्मा त्याच्या गाडीवर मागे बसून फाट्यापर्यंत गेली. तिला नागभीडला नर्सिंगच्या हॉस्टेलात परत जायचं होतं, हे मान्य. पण हसत काऊन होती? मला पाहिलं आणि हसणं थांबवलं. म्हणजे मनात चोरी आहे.

घरी येऊन भिंतीवर बुक्की मारली. मातीचा हातभर पोपडा खाली आला. माय म्हणाली, "भिंतीनं का केलं तुह्यं?"

३ डिसेंबर

सरळ देवाजीकाकाकडे गेलो. तो जाळं विणत होता. म्हणालो, करिश्मा मला द्या.

त्याने सुई थांबवली नाही. "पोरीले विचार."

"तुम्ही बाप हा ना काका."

"बाप हाओ. विकणारा नाई."

फोन करून तिला विचारलं. ती म्हणाली, शिकायचं आहे. मी म्हणालो, थांबतो. त्यावर ती म्हणाली: "सुरेन, मले तुह्या हाताचं भेव वाटते."

ही तिची बोली नाही. हे तिला कोणीतरी शिकवलं आहे. मांडवात शिकवलं आहे. मोबाइल फरशीवर आपटला. काच गेली, फोटो अजून दिसतो.

संध्याकाळी रिंकूकडे गेलो आणि म्हणालो, रविवारी मांडव मोडायला मीही येतो.

८ डिसेंबर, रविवार

गमचा अजून गळ्यातच आहे.

अकरा वाजता गेलो. सात जण. तोंडाला गमचे, हातात धानाच्या कुंपणातल्या काठ्या. ते डोळे मिटून बसले होते. रिंकूने पहिली लाथ ढोलकावर मारली. मग इस्तारीभाऊच्या तोंडावर बुक्की. बाया ओरडल्या. एकाने विळ्याने वाळत घातलेली जाळी फाडली. ती फाटताना चिरचिर आवाज करत होती आणि मला तो आवाज आवडला, हे लिहून ठेवतो, कारण इथे खोटं लिहिलं तर वही कशाला. मी चष्मेवाल्याला शोधत होतो. तो आज आलाच नव्हता. मग माझ्या काठीला कोण? समोर देवाजीकाका उभा होता. मी काठी उगारली, ती कमळाकाकूवर गेली असती की त्याच्यावर, मला माहीत नाही, मी पाहत नव्हतो. त्याने हात मध्ये घातला. स्वतःच्या डोक्यावर नाही, तिच्या डोक्यावर धरला.

हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो.

करिश्मा सुट्टीवर आली होती. ती रडली नाही. आमच्या गमच्यांवरच्या डोळ्यांकडे एकेक करून पाहत होती. माझ्यापर्यंत यायच्या आधी मी पळालो.

९ डिसेंबर

उजवा हात. मनगटाच्या वर दोन्ही हाडं. चंद्रपूरला नेऊन प्लास्टर केलं.

गमचा धुतला. त्याच्यावर काही लागलं नव्हतं, तरी दोनदा धुतला.

११ डिसेंबर

पोलीस आले होते. अंगणात खुर्ची टाकली, अर्धं गाव कुंपणाशी. मीही होतो. पळून गेलो असतो तर दिसलो असतो.

हवालदाराने विचारलं, "कोणी मारलं? दिसला का?"

"दिसला," देवाजीकाका म्हणाला.

मी शेजारच्या माणसामागे सरकलो.

"नाव सांग."

"सांगत नाई."

"दिसला म्हणता अन् सांगत नाई म्हणता?"

"नाई दिसला म्हटलं त खोटं होते साहेब. अन् सांगाचं मले नाई."

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. करिश्मा बापावर चिडली, "बाबा, सांग ना!" पोलीस निघून गेले. रिंकू मला म्हणाला, म्हातारा टरकला. मलाही तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं.

१३ डिसेंबर

तो मला ओळखतो का, हे कळल्याशिवाय जेवण जात नव्हतं. करिश्मा हॉस्टेलात गेली हे पाहून त्याच्याकडे गेलो. कमळाकाकूने चहा मांडला.

"कसं हाये काका?"

"खाज सुटते आत. वेळूची काडी घालून खाजवतो. करिश्मा पायते त ओरडते."

"तुमाले दिसला म्हणे तो. तोंड त बांधलं होतं त्याहीनं."

"तोंड बांधलं गा. चाल कुठी बांधते मानूस?" त्याने डाव्या हाताने कपाकडे बोट दाखवलं. "थंडा होते, पे."

"मंग सांगत काऊन नाई?"

"मी सांगतलं त ते पोलिसाचं काम होते. त्यानं येऊन सांगतलं त त्याचं."

"अन् नाई आला त?"

"नाताळ जवळ आला. येणाऱ्याचाच सण हाये तो." मग थोडं हसला. "मी त देवापासून तळ्यापलीकडं होतो. पिऊन हिले मारत होतो. मले काऊन आणलं त्यानं जवळ? मी का चांगला होतो म्हणून?"

कमळाकाकू चुलीकडे तोंड करून होती. तिने मागे पाहिलं नाही.

घरी येताना विचार केला. ओळखलं असतं तर चहा दिला असता का? म्हणजे नसेल ओळखलं. चाल वगैरे नुसतं बोलायचं म्हणून बोलला.

१५ डिसेंबर, रविवार

रिंकूने मला हेर म्हणून पाठवलं: नाताळाचं काय ठरतं ते ऐकून ये. मोडक्या मांडवात सहा माणसं होती. इस्तारीभाऊचा ओठ अजून सुजलेला. त्याने मला पाहून सरकून जागा दिली.

बस चालवणाऱ्यासारखाच बोलतो तो, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा. म्हणाला, "चांदणी लावतो, केक कापतो, लोकायले तेवढंच दिसते. पण पयला नाताळ खुनाचा होता. हेरोद राजाले कळलं, कोणी नवा राजा जन्मला. त्यानं सैनिक धाडले अन् बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली सारी पोरं कापून काढली. मरिया अन् योसेफ लेकराले घेऊन पळाले."

मी ताठ बसलो. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. राहवलं नाही. "मंग देवाजवळ फौज नव्हती का?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. इस्तारीभाऊला प्रश्न आवडला. "होती ना. देवदूतायची. ते गाणं म्हणून गेले."

"गाणं? तलवारीपुढं?"

"तुह्यापाशी फौज असती त तू का केलं असतं, भाऊ?"

"हेरोदाले उभा कापला असता."

"मंग त्याच्या पोरानं तुले शोधलं असतं. तुह्या पोरानं त्याले. हे त चालूच हाये, आपल्या गावात का कमी हाये? देव म्हणाला, मी मारणाऱ्यायच्या गावात जातो, पण मारणारा होऊन नाई. लेकरू होऊन जातो. ज्याले कोणीबी मारू शकते असा. वरून हुकूम सोडला असता त लोक भेले असते, बदलले नसते. तो खाली आला, आपल्या कातड्यात, आपल्या जागी येऊन उभा राह्यला. नाताळ म्हणजे एवढंच हाये. बाकी सारी सजावट."

बोलता बोलता त्याचा ओठ पुन्हा फुटला. रुमालाने पुसलं आणि पुढे बोलत राहिला.

रिंकूला काय सांगू? सांगितलं, पंचवीसला सकाळी दहा वाजता, मांडवातच.

१८ डिसेंबर

आपल्या जागी येऊन उभा राहिला. हे वाक्य तीन दिवस डोक्यातून जात नाही. आणि आज पहाटे उपाय सुचला, एकदम, आख्खा.

धानाला शेवटचं पाणी सोडून झालं, तळं उतरलं. सोमवारी मोठं जाळं पडणार. आमच्यात रीत अशी: जाळं ओढायच्या वेळी पंच एकेक घराचं नाव घेतो. त्या घरचा पुरुष पाण्यात उतरून दोरी धरतो आणि ओरडतो, अमक्याच्या घरचा हात. ज्या घरचा हात दोरीला नाही, त्या घरच्या वाट्याचा मासोळीचा ढीग पाळीवर पडत नाही. आजारी असो, म्हातारा असो. आणि एका माणसाचा एकाच घरासाठी हात. माझा बाप मी सातवीत असताना गेला, तेव्हापासून आमच्या घरचा हात मी.

देवाजीकाकाला मुलगा नाही. हात गळ्यात बांधलेला. यंदा त्याला मासोळी नाही, जाळी फाटली म्हणजे पुढेही नाही.

पण जावई धरू शकतो. ज्याला मुलगीच आहे, त्याच्या नावाने ज्याने दोरी धरली तो त्या घरचा जावई. सुपारी मागून फुटते, लग्न ठरलं हे गाव दोरीवरूनच समजतं. एकदा धरली की मागे घेता येत नाही, मागे घेतल्याचं मी ऐकलं नाही.

मी त्याचा हात मोडला, मीच त्याचा हात होईन. त्याच्या जागी उभा राहीन. इस्तारीभाऊ सांगतो तेच. पाप फिटेल, त्याचं घर चालेल, आणि करिश्मा... पुढचं लिहीत नाही.

मायला सांगितलं नाही. आमचा ढीग जाईल. समजेल ती नंतर.

२३ डिसेंबर, सोमवार

एका डोळ्याने लिहितो आहे. दुसरा उघडत नाही.

पाण्यात कमरेपर्यंत उभे होतो सगळे. थंडीने दात वाजत होते. पाळीवर बाया टोपल्या घेऊन. पंचाने माझ्या बापाचं नाव घेतलं. मी गप्प. पुन्हा घेतलं. माय पाळीवरून ओरडली, "बोल ना रे! मुका झाला का?" पंच पुढे गेला. देवाजीचं नाव त्याने नुसतं रीत म्हणून घेतलं, थांबलाही नाही. मी पुढे उडी मारली, दोरी धरली, आणि ओरडलो, "देवाजीच्या घरचा हात!"

मग मायने टोपली पाण्यात फेकली.

जाळं एकदा सुटलं की थांबवत नाहीत, म्हणून ओढलं आम्ही. रिंकू माझ्या पुढे होता, मागे वळून पाहत नव्हता. जाळं काठाला आलं, मासे उसळायला लागले. मोठ्या माशांच्या डोक्यात हाणायला पोरांनी सोटे घेतले. पहिला कतला मारला, दुसरा मारला, तिसरा सोटा माझ्या कानावर. रिंकूचा.

"किरिस्तावाचा जावई!"

मी पडलो. छातीखाली मासे वळवळत होते, तोंडात चिखल. सहा जण होते की जास्त, मोजलं नाही. मीही सोडलं नाही. रिंकूच्या अंगठ्याला चावलो, हाडापर्यंत. त्याची बोंब ऐकून मला आनंद झाला. पोटात लाथा बसत होत्या तरी झाला. पंचांनी सोडवलं तेव्हा माझ्या अंगाला माशांचं रक्त कोणतं आणि माझं कोणतं कळत नव्हतं.

रीत ती रीत, म्हणून पंचाने देवाजीचा ढीग वेगळा काढला. मी तिकडे पाहिलं. वाटलं, आता तो येईल, मला उठवेल. देवाजीकाका पाळीवर उभा होता. त्याने ढीग उचलला नाही. डोक्याचा गमचा काढून तोंडावर धरला आणि घराकडे गेला. कमळाकाकूही गेली.

भारावला असेल.

२४ डिसेंबर

करिश्मा नागभीडवरून आली ती आधी आमच्या घरी. मला वाटलं जखमा पाहायला. ती दारातच उभी राहिली.

"कोणाले विचारून दोरी धरली?"

"तुह्या बापासाठी..."

"बापाले विचारलं?"

"तो नाई म्हणाला असता."

"अन् मले?"

मी तिला बसायला पाट सरकवला.

"बसमंदी तीन बायांनी विचारलं, तारीख कोणती काढली म्हणून. मी मासोळी हाओ का? जाळ्यात आली, टोपलीत टाकली?"

"करिश्मा, मी त तुमच्या देवासारखं केलं. त्याच्या जागी उभा राह्यलो. मार खाल्ला."

ती हसली. असं हसणं मला नको होतं. "माह्या देवासारखं? तुले एवढंबी मालूम नाई. त्याले या जगात याचं होतं ना, तवा त्यानं आधी एका पोरीले विचाराले देवदूत धाडला, तुह्या पोटी येऊ का म्हणून. खेड्यातली पोरगी, माह्याएवढी. ती भेली, तिनं उलट विचारलं, हे कसं होईन म्हणून. अन् ती हो म्हणेपर्यंत तो थांबला. देव थांबला, सुरेन! सारं ज्यानं बनवलं तो. तिनं नाई म्हटलं असतं त? तरी थांबला. माह्यासाठी नाताळ तिथून सुरू होते. अन् तू कोण लागून गेला न थांबणारा?"

माय आतून सगळं ऐकत होती. भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

करिश्मा जायला वळली आणि पुन्हा फिरली. आवाज खाली आला. "सातही पोरांची नावं मी बाबासमोर घेतली. सहा नावांवर तो म्हणते, मालूम नाई बाई. तुह्या नावावर गप होते. मी विचारून राह्यली. बाबाचा हात तू मोडला? हो का नाई?"

ती थांबली. किती वेळ, सांगता येत नाही. दारातलं ऊन तिच्या पायावरून सरकल्यासारखं वाटलं. मला 'नाई' म्हणता येत होतं. 'हो'ही म्हणता येत होतं. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

ती गेली. माय बाहेर आली, माझ्यासमोर ताट ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता परत आत गेली. भात आणि मीठ. मासोळी कुठून असणार.

२५ डिसेंबर

दहाला गेलो. मांडवाला नव्या वेळूच्या काठ्या लावल्या होत्या. सात माणसं आणि इस्तारीभाऊ. ढोलक नव्हतं, टाळ्यांवर गाणं चाललं होतं. समोर पाळीवर रिंकू आणि त्याची पोरं सोटे घेऊन उभी, त्याच्या अंगठ्याला पट्टी. मला पाहून त्याने हात केला, इकडे ये म्हणून. वेळ मीच सांगितली होती ना.

मी मांडवात गेलो. गाणं संपायची वाट पाहिली. ते लांबच लांब. मग उभा राहिलो.

"हात मी मोडला," म्हणालो.

मला वाटलं होतं, कोणी काही बोलेल. म्हणून पुढे बोललो. "जाळी फाडताना मी होतो. चष्मेवाल्याले माराले आलो होतो, तो नव्हता. अन् दोरी मी न विचारता धरली. मी या घरचा कोणी नाई. पंचायले आत्ताच सांगून येतो."

कमळाकाकू उठली आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली. बोलत काही नव्हती, नुसती मारत होती. परवाच्या फासळ्या दुखत होत्या. मी हात मागे बांधून उभा राहिलो. कोणी तिला अडवलं नाही, देवाजीकाकानेही नाही. ती थकली आणि खाली बसली.

"मी तुले माफ केलं," काका म्हणाला. "मोडला तवाच नाई. खोटं काऊन बोलू? तिसऱ्या दिवशी केलं. अन् परवा दोरी धरली तवा पुन्हा राग आला, ते काल केलं."

"मी नाई केलं," करिश्मा म्हणाली. ती मागच्या काठीला टेकून उभी होती. "बाबाचं बाबापाशी."

"मागत नाई," मी म्हणालो.

तेवढ्यात पहिला दगड आला. मी नावं घेईन असं रिंकूला वाटलं असणार. दुसरा इस्तारीभाऊच्या कपाळाला लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं. मग मला काही आठवत नाही, एवढंच की मी मांडवाची काठी उपसली, पाळीवर पोचलो, बाकीची पोरं पांगली आणि रिंकू माझ्यासमोर चिखलात घसरून पडला होता. काठी डोक्याच्या वर. त्याने डोळे मिटले. मी त्याचं डोकं फोडणार होतो. हे लिहून ठेवतो.

मागे धापा टाकत काका आला. त्याने मला धरलं नाही. बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "टाकतो का, सुरेन?"

टाक म्हणाला नाही. विचारलं.

बोटं सुटत नव्हती. रिंकू "मायवं, मायवं" करत होता. काका उभाच होता, गळ्यात हात अडकवून, पुढे काही न बोलता. शेवटी काठी पाण्यात फेकली. रिंकू हातापायांवर पळाला.

तसाच भिजलेला पंचाकडे गेलो आणि दोरी परत केली. पंच म्हणाला, असं आजवर कोणी केलं नाही, वहीत काय लिहू? म्हणालो, देवाजीच्या घरचा हात नव्हता असं लिहा. ढीग तर केव्हाच कुजला होता.

येशू वगैरे मला अजून कळलेला नाही. जो येतो तो विचारून येतो, एवढंच कळलं. इतकं साधं असेल तर सगळे का करत नाहीत? मी का केलं नाही?

२६ डिसेंबर

नागभीडचं पोलीस ठाणं. बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. मी स्वतः आलो. माझं मी सांगितलं. हवालदार म्हणाला, हाड मोडलं म्हणजे कलम मोठं लागते, पोरा, विचार केला का? बाकीच्यांची नावं विचारली, मी सांगितली नाहीत. बरोबर केलं की भ्यालो, माहीत नाही.

तक्रार लागते म्हणाला. देवाजीकाकाला बोलावलं तर तो म्हणाला, मी देत नाई. तेव्हा त्याच्यासोबत आलेली करिश्मा उठली. "मी देते. मीबी होती तिथी. सातही नावं लिहिते."

"बाई, मी माफ केलं ना त्याले," काका म्हणाला.

"तुह्यी माफी तुह्यी बाबा. कागद माहा."

काकाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही, पण तिला अडवलं नाही. हवालदाराने तिला कोरा कागद दिला आणि चहाला गेला. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आहे. कागद मांडीवर, खाली एक जुनी फाइल. पर्समध्ये शोधते आहे, टेबलावर पाहते आहे. आता माझ्याकडे वळली. परवापासून पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केला आहे, पण घेत नाही.

"पेन देशीन?" म्हणाली, आणि थांबली आहे.

एवढी ओळ संपवतो आणि देतो.